आधी चूल, मग झाडे: घरामागच्या मेपलपासून सिरप

फेब्रुवारीच्या मध्यावर, अंगणात अजून गुडघाभर बर्फ असतानाच, न्यू हॅम्पशायरच्या आमच्या गावात मेपलच्या झाडांना बादल्या लटकू लागतात. रात्री पारा शून्याखाली जातो, दुपारी ऊन पडून तो चार-पाच अंशांवर येतो, आणि या चढउतारात झाडांतून पाण्यासारखा पातळ, जेमतेम गोड रस ठिबकू लागतो. तो आटवून साखर आणि सिरप करण्याची विद्या इथल्या मूळ रहिवाशांची आहे. अबेनाकी, हौडेनोसॉनी, अनिशिनाबे हे लोक युरोपीय वसाहती होण्याआधीपासून मेपलची साखर करत आले आहेत, आणि अनिशिनाबे लोकांच्या कालगणनेत वसंतातल्या एका महिन्याचे नावच रस आटवण्यावरून पडले आहे. आज जगातले बहुतांश मेपल सिरप कॅनडाच्या क्विबेक प्रांतात होते आणि अमेरिकेत या बाबतीत व्हरमाँटचा पहिला क्रमांक लागतो. पण घरामागच्या दोन-तीन झाडांवर हौसेखातर सिरप करणारी घरेही या पट्ट्यात गावोगाव आहेत. या भागात नव्याने घर घेतलेल्या मराठी कुटुंबाच्या आवारात एखादे मेपल असतेच असते, आणि ‘आपल्यालाही जमेल का’ हा प्रश्न पहिल्याच हिवाळ्यात पडतो. जमते, मात्र त्याआधी थोडे गणित करावे लागते.

ज्यांनी कोल्हापूर-सांगलीकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे गणित लवकर उमगेल. उसाच्या रसात साधारण १८ ते २० टक्के साखर असते, तर मेपलच्या रसात जेमतेम २ टक्के. म्हणजे काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसाची जेव्हा काकवी होऊ लागलेली असते, तेव्हा मेपलचा रस अजून नुसते गोडसर पाणीच असतो. इथले लोक एक सोपा आडाखा वापरतात: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्केवारीने भागावे, म्हणजे एक लिटर सिरपसाठी किती लिटर रस लागेल ते कळते. दोन टक्क्यांच्या रसाला ४३ लिटर, अडीच टक्क्यांच्या रसाला सुमारे ३४ लिटर आणि दीड टक्क्याच्या रसाला तब्बल ५७ लिटर. साधारणपणे ‘चाळिसास एक’ हे प्रमाण धरून चालावे.

याचा अर्थ असा की हा छंद मुळात पाणी उडवण्याचा आहे. थंडगार ४० लिटर रस उकळीपर्यंत नेऊन त्यातले ३९ लिटर पाणी वाफ करून घालवायला, एक थेंबही उष्णता वाया गेली नाही असे मानले तरी, सुमारे २९ युनिट विजेइतकी ऊर्जा लागते. उघड्यावरच्या चुलीत निम्म्याहून अधिक उष्णता वाऱ्यावर जाते, हे लक्षात घेतले तर बार्बेक्यूच्या नेहमीच्या नऊ किलोच्या गॅस सिलिंडरमध्ये दीड-दोन लिटरच्या वर सिरप निघत नाही. दुकानातले सिरप महाग का, हे पहिल्याच सिलिंडरला कळते. पैसे वाचवण्यासाठी कोणी हे करू नये.

म्हणून नवख्या माणसाला माझे पहिले सांगणे झाडांविषयी नसून चुलीविषयी असते. आपल्याकडचे भांडे तासाला किती लिटर पाणी उडवते ते आधी साधे पाणी उकळून मोजावे आणि त्यावरून रस काढण्यासाठी झाडांना किती तोट्या ठोकायच्या ते ठरवावे. एका तोटीतून पूर्ण हंगामात साधारण ४० लिटर रस मिळतो, पण तो रोज सारखा येत नाही. काही दिवस थेंबही पडत नाही आणि एखाद्या उबदार दुपारी एकाच तोटीखालची बादली भरून वाहते. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात आठ तोट्या ठोकल्या. मार्चमध्ये एका शनिवारी-रविवारी हवा अचानक तापली, दोन दिवसांत साठ-सत्तर लिटर रस जमला, आणि माझ्या एकुलत्या एका भांड्यात त्यातला वीस लिटरही आटला नाही. मंगळवारी पिंपाचे झाकण उघडले तेव्हा रस ताकाच्या निवळीसारखा पांढुरका दिसत होता आणि त्याला आंबूस वास येत होता. तो सगळा झाडाच्या बुंध्याशी ओतून द्यावा लागला. मेपलचा रस हा दुधासारखा जिन्नस आहे, तो कोणासाठी थांबत नाही. पहिल्या वर्षी तीन तोट्या पुष्कळ झाल्या. त्यांतून अडीच-तीन लिटर सिरप निघते, आणि एका घराला तेवढे वर्षभर पुरते.

झाड ओळखणे

झाडे पानगळीपूर्वी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच ओळखून त्यांना फीत बांधून ठेवावी, कारण फेब्रुवारीत सगळी खोडे सारखीच करडी दिसतात. सर्वांत गोड रस शुगर मेपलचा असतो. त्याच्या पानाला बहुधा पाच टोके असतात, टोकांमधल्या खाचा गोलाकार असतात आणि पानाची कड गुळगुळीत असते. रेड मेपलच्या पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. त्याचा रस थोडा कमी गोड असतो आणि वसंतात त्याच्या कळ्या लवकर फुगत असल्याने हंगामही लवकर संपतो, तरी सिरप उत्तम होते. वसाहतींमध्ये सावलीसाठी लावलेले नॉर्वे मेपल दिसायला शुगर मेपलसारखेच असते, पण त्याच्या पानाचा देठ मोडला की दुधासारखा पांढरा चीक येतो. त्याचाही रस चालतो, केवळ गोडी कमी भरते. हिवाळ्यातच झाड शोधायची वेळ आली तर फांद्या पाहाव्यात. मेपलच्या फांद्या व कळ्या समोरासमोर जोडीने येतात. शुगर मेपलची कळी तपकिरी आणि टोकदार असते, रेड मेपलची लालसर आणि बोथट.

जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर किमान ३८ इंच, म्हणजे व्यास सुमारे १२ इंच असेल तरच झाडाला तोटी लावावी. घेर ५७ इंचांच्या पुढे असेल तर दोन तोट्या चालतात. त्याहून अधिक कोणत्याही झाडाला लावू नयेत. आजारी, शेंडा वाळलेले किंवा कीटकनाशकाचे इंजेक्शन दिलेले झाड सोडून द्यावे. रस्त्याकडेची झाडे पुष्कळदा नगरपालिकेच्या मालकीची असतात, तेव्हा आधी परवानगी घ्यावी.

सामान

लागणारे सामान थोडे आहे: ५/१६ इंची ड्रिल बिट, त्याच मापाच्या तोट्या, झाकणाच्या बादल्या किंवा तोटीला नळी जोडून जमिनीवर ठेवण्याचे खाद्यपदार्थांसाठीच बनवलेले डबे, हातोडी, साखरेचा पाक मोजण्याचा थर्मामीटर आणि गाळण्यासाठी नमद्याची शंकूच्या आकाराची गाळणी. पुढे हौस वाढली की मेपल सिरपसाठीचा हायड्रोमीटर, म्हणजे सिरपचा दाटपणा मोजण्याचे साधन, घ्यावा. जुन्या वस्तूंच्या बाजारात पत्र्याच्या सुरेख जुन्या बादल्या मिळतात. त्या भिंतीवर शोभेला टांगाव्यात, रसासाठी वापरू नयेत, कारण त्यांच्या सांध्यांच्या डाखात शिसे असते. सर्व भांडी कढत पाण्याने धुवावीत. साबणाचा किंवा रंगाचा वास लागलेल्या डब्यातला रस चाळीसपट आटतो, आणि त्याबरोबर तो वासही आटून घट्ट होतो.

छिद्र आणि तोटी

रस का वाहतो हे समजून घेतले तर केव्हा छिद्र पाडावे हे कोणाला विचारावे लागत नाही. मेपलच्या लाकडातल्या तंतूंमध्ये द्रवाऐवजी हवा भरलेली असते. रात्री खोड गोठते तेव्हा ही हवा आकसते, रसाचा बर्फ होऊन तो आत जमत जातो आणि झाड मुळांतून पाणी वर ओढून घेते. दिवसा तो बर्फ वितळला की दाबलेली हवा पुन्हा फुलते, खोडात दाब निर्माण होतो आणि जिथे वाट मिळेल तिथून रस बाहेर येतो. म्हणून रात्र गोठवणारी आणि दिवस वितळवणारा, अशी जोडी लागते. नुसत्या कडाक्याने किंवा नुसत्या उबेने रस येत नाही. हवामानाच्या अंदाजात असे चार-पाच दिवस सलग दिसू लागले की छिद्र पाडावे. आमच्याकडे हे फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते, उत्तरेकडे मार्चमध्ये.

जमिनीपासून दोन ते चार फुटांवर, शक्यतो एखाद्या मोठ्या मुळाच्या वर किंवा जाड फांदीच्या खाली जागा निवडावी. जुनी छिद्रे असतील तर त्यांच्यापासून आडवे किमान सहा इंच सरकावे आणि त्यांच्या सरळ वर किंवा खाली येऊ नये. छिद्र पडले की झाड त्या जखमेभोवती लाकूड बंद करून टाकते आणि छिद्राच्या वर-खाली उभा, तपकिरी, मृत लाकडाचा पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात पुन्हा छिद्र पाडले तर झाडाला नवी जखम होते आणि हाती काहीच लागत नाही.

बिटवर दीड इंचावर चिकटपट्टीची खूण करावी आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार राहील अशा बेताने, हात न हलवता, एका दमात छिद्र पाडावे. बाहेर येणारा भुसा हातात घेऊन पाहावा. तो फिकट, ओलसर, दुधी रंगाचा असेल तर लाकूड निरोगी आहे. चॉकलेटी, कोरडा भुसा आला तर ती जागा सोडावी. मग तोटी बसवून हातोडीने हलके टोले द्यावेत. पहिल्या दोन-तीन टोल्यांना पोकळ आवाज येतो, आणि तोटी लाकडात घट्ट बसली की तोच आवाज एकदम भरीव होतो. तिथे थांबावे. त्यापुढचा एक टोला म्हणजे लाकडाला चीर, आणि चिरेतून गळणारा रस बादलीत न पडता सालीवरून वाहून जातो. हवा योग्य असेल तर तोटी ठोकत असतानाच पहिला थेंब टोकाशी येऊन थरथरतो. तो बोटावर घेऊन चाखावा. नुसत्या पाण्यापेक्षा गोडी ओळखायला क्षणभर लागतो.

बादल्या रोज रिकाम्या कराव्यात. सकाळी वर बर्फाची चकती तरंगत असेल तर ती काढून फेकावी: गोठते ते मुख्यतः पाणी, साखर खालच्या रसातच राहते, आणि तेवढे सरपण वाचते. रस कापडातून गाळून चार अंशांखाली ठेवावा. डबे घराच्या उत्तरेला, सावलीत, बर्फात पुरून ठेवणे सर्वांत सोयीचे. शक्यतो दोन-तीन दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत आठवड्याच्या आत तो आटवावा.

आटवणे

हे काम घराबाहेरच करावे. चाळीस लिटर रसाची वाफ स्वयंपाकघरात सोडली तर भिंतीवरचा कागद सुटतो आणि कपाटे ओलीचिंब होतात. काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांची तीन बाजूंनी बंद चूल, मागे धुरासाठी पत्र्याचा पाइप, आणि वर बुफेच्या टेबलावर असते तशी स्टीलची रुंद, खोल ट्रे, एवढ्यात हे चुलवण उभे राहते. उष्णतेने ठोकळे तडकतात, ते एक-दोन हंगामच टिकतात असे धरावे. भांडे रुंद हवे. उंच पातेल्यात हेच काम दुप्पट वेळ घेते, कारण वाफ पृष्ठभागावरून जाते. उघड्यावर जाळ करण्यासाठी गावाच्या अग्निशमन विभागाची परवानगी बहुतेक ठिकाणी लागते.

ट्रेमध्ये रस दोन इंचांच्या खाली कधीही जाऊ देऊ नये. पातळी उतरली की नवा रस घालत राहावा, पण थंड रस एकदम ओतला तर उकळी बसते, म्हणून बाजूच्या पातेल्यात तो आधी गरम करून बारीक धारेने सोडावा. वर येणारा फेस झाऱ्याने काढावा. फेस उतू जाऊ लागला तर लोण्याचा मटारएवढा गोळा टाकावा, तो पाहता पाहता खाली बसतो. गुऱ्हाळात गुळव्या तेलाचे थेंब टाकतो त्यामागेही हेच कारण आहे. माझी ट्रे तासाला तीन-साडेतीन लिटर पाणी उडवते, म्हणजे वीस लिटर रसाला जवळपास सहा तास. या वेळात सरपण घालणे, फेस काढणे आणि रस भरणे याशिवाय फारसे काही करायचे नसते, तरी चूल सोडून जाऊ नये. पातळी तळाला लागली की दहा मिनिटांत ट्रेचा कोळसा होतो.

सगळा रस संपून ट्रेमध्ये सोनेरी, दाटसर असे दीड-दोन लिटर उरले की ते जाड बुडाच्या उंच पातेल्यात घेऊन घरातल्या शेगडीवर आणावे. इथून पुढचा अर्धा तास दिवसभराच्या मेहनतीचा निकाल लावतो. त्याच दिवशी आधी साधे पाणी उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते टिपून ठेवावे, कारण उंचीनुसार आणि हवेच्या दाबानुसार पाण्याचा उत्कलनबिंदू बदलतो. त्या आकड्याच्या चार अंश वर सिरप तयार होते. समुद्रसपाटीला हे १०४ अंश सेल्सिअस भरते. या घडीला त्यात ६६ टक्क्यांच्या आसपास साखर असते, जिला ६६ ब्रिक्स म्हणतात. हायड्रोमीटर असेल तर त्यावर गरम आणि गार सिरपसाठी वेगवेगळ्या रेघा असतात, त्यांची गल्लत करू नये.

थर्मामीटरबरोबर डोळ्यांनीही परीक्षा करावी. सपाट कालथा सिरपमध्ये बुडवून आडवा धरला की आधी थेंब सुटे-सुटे पडतात. मग ते जड होऊन रेंगाळतात. शेवटी दोन थेंब कडेवरच एकमेकांत मिसळतात आणि पदरासारखा एक रुंद पातळ पडदा कालथ्यावरून लोंबू लागतो. तो दिसला की आच बंद करावी. आपल्या हाताला एकतारी पाकाची सवय असते, आणि म्हणूनच आपण चुकतो: तार येण्याची वाट पाहिली तर सिरप बहुधा पुढे गेलेले असते आणि महिन्याभरात बाटलीच्या तळाशी खडीसाखरेसारखे स्फटिक जमतात. पुढे गेल्याचे वेळीच कळले तर थोडा राखून ठेवलेला रस घालून पुन्हा उकळावे. उलट, पातळ राहिलेले सिरप आंबते किंवा त्यावर बुरशी येते.

गाळणे आणि भरणे

आटलेल्या सिरपमध्ये बारीक, राखाडी गाळ दिसतो. झाडातली कॅल्शियमसारखी खनिजे आटताना अशी बाहेर पडतात. इथे त्याला शुगर सँड म्हणतात. तो अपायकारक नसतो, पण दाताखाली खरखरतो. साध्या मलमलीतून तो आरपार जातो, म्हणून नमद्याची गाळणी लागते. ती गरम पाण्यात भिजवून, न पिळता दाबून घ्यावी आणि सिरप कढत असतानाच ओतावे. गार झालेले सिरप गाळणीत तासभर नुसते बसून राहते. गाळणीला कधीही साबण लावू नये. गाळणी नसेल तर सिरप बरणीत एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवावे, गाळ तळाशी बसला की वरचे नितळ सिरप हलक्या हाताने काढून घ्यावे.

बाटल्यांत भरताना सिरप ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान असावे. पुन्हा उकळू दिले तर नवा गाळ तयार होतो. काचेच्या बाटल्या आधी गरम कराव्यात, काठोकाठ भराव्यात आणि झाकण लावून मिनिटभर आडव्या ठेवाव्यात, म्हणजे कढत सिरपने झाकणही निर्जंतुक होते. बंद बाटली थंड, अंधाऱ्या जागी वर्षभर राहते; उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी.

हंगामाच्या सुरुवातीचे सिरप फिकट सोनेरी आणि सौम्य चवीचे होते. हवा तापत जाते तसे रसातले सूक्ष्मजीव त्यातल्या साखरेचे विघटन करू लागतात, आणि आटताना अशी साखर लवकर करपटत असल्याने रंग गडद होत जातो. बाजारात गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क अशा चार प्रती असतात. फिकट सिरपाला मान अधिक, पण माझी पसंती गडद सिरपाला. त्याला काकवीच्या जवळ जाणारी चव असते आणि गरम घावनाबरोबर तेच खुलते. थोडे सिरप ११२ अंशांपर्यंत पुढे आटवून अंगणातल्या स्वच्छ बर्फावर धार धरली तर चिवट, मऊ गोळी तयार होते. मुलांसाठी हा हंगामाचा खरा सण, मात्र धार मोठ्या माणसानेच धरावी. हा पाक उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो.

आवरते घेणे

कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि कितीही आटवला तरी सिरपला एक उग्र, कडवट वास राहतो. ओहोळांच्या काठी छोटे बेडूक ओरडू लागले की आवरते घ्या, असा इथल्या जुन्या माणसांचा ठोकताळा आहे. आमच्याकडे हे साधारण गुढीपाडव्याच्या आगेमागे येते: नवी पालवी फुटायची वेळ झाली की रसावरचा आपला हक्क संपतो. तोट्या हलकेच फिरवून काढाव्यात. छिद्रात बूच, मेण किंवा माती काही भरू नये. झाड ते स्वतः बंद करते. तोट्या आणि बादल्या कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवाव्यात. ट्रेच्या तळाला चिकटलेला खनिजांचा थर घासून निघत नाही. पांढरा व्हिनेगर घालून रात्रभर ठेवल्यास तो सुटतो. यंदाची छिद्रे कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर होती हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे, कारण पानगळ होईपर्यंत साल बुजत येते, आणि पुढच्या फेब्रुवारीत तिथून सहा इंच सरकायचे असते.